किल्ल्यांची पुस्तिका इंग्रजीत नेताना : ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्या कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

रायगड, राजगड, लोहगड आणि सिंधुदुर्ग या चार किल्ल्यांची छप्पन्न पानांची मराठी पुस्तिका आमच्या गिरिभ्रमण मंडळाने पूर्वीच काढलेली आहे. ११ जुलैला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. हे चारही किल्ले त्या बारांत असल्यामुळे इंग्रजी पुस्तिकेची निकड एकदम वाढली. मे महिन्यापासून माझ्याकडे असलेले भाषांतर मी घाईने पूर्ण करून दिले आणि कोणी तपासण्याआधीच त्याच्या पंचवीस प्रती छापल्या गेल्या. त्यावर ४,२५० रुपये खर्च झाले आणि त्या प्रती आता रद्दीत जाणार आहेत.

इंग्रजीच्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी त्यातील पहिली दहा पाने तपासून आज परत दिली. त्यांवर एकूण ९३ लाल खुणा आहेत आणि त्यांपैकी ६१ केवळ उपपदांच्या, म्हणजे नामापूर्वी येणाऱ्या ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या शब्दांच्या आहेत. शब्दसंग्रह, काळ किंवा वाक्यरचना यांच्या चुका त्या मानाने थोड्या निघाल्या. मराठीत उपपद नसल्यामुळे आपल्याकडून ही चूक होणारच, असे मानून मी आजवर तिच्याकडे दुर्लक्ष केले होते. मात्र वाट दाखवणाऱ्या मजकुरात या चुकीमुळे वाचक खरोखर चुकीच्या वाटेला लागू शकतो, हे बाईंच्या खुणांवरून लक्षात आले. असे काम हाती घेणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून आजपासून या नोंदी ठेवत आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

शाळेत शिकवलेल्या नियमापासून सुरुवात केली : वस्तू पहिल्यांदा आली की ‘अ’, दुसऱ्यांदा आली की ‘द’. राजगडाची सात पाने या नियमाने सुधारली आणि बाईंना दाखवली, तेव्हा जुन्या चुकांपैकी निम्म्या गेलेल्या होत्या, पण जवळजवळ तितक्याच नव्या आल्या होत्या.

नियम कोठे फसला ते नोंदवते. किल्ल्याचा उल्लेख झाला की त्याचा माथा, त्याची तटबंदी, त्याचा बालेकिल्ला या गोष्टी वाचकाच्या मनात त्याबरोबरच येतात. त्यामुळे त्या पहिल्यांदाच आल्या तरी ‘द समिट’, ‘द रॅम्पार्ट्स’ असेच लिहावे लागते. मी तेथे ‘अ समिट’ लिहिले होते, आणि त्याचा अर्थ राजगडाला अनेक माथे असून त्यांपैकी कोणतातरी एक, असा होतो. याउलट राजगडाला माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंदी असलेल्या सपाट्या, तीन आहेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, म्हणून नुसते ‘द माची’ म्हटले तर कोणती माची हे वाचकाला कळत नाही. किल्ल्याबरोबर गृहीत धरलेली गोष्ट एकच असेल तर पहिल्याच वेळी ‘द’ येते आणि अनेक असतील तर येत नाही. शाळेतील नियम चुकीचा नाही, परंतु तो ‘एक राजा होता’ अशा गोष्टीपुरता पुरतो. माहितीपुस्तिकेला तो अपुरा पडतो.

या प्रयोगात दोन संध्याकाळी गेल्या.

१० ऑगस्ट, रविवार

आजची चूक सर्वांत महाग पडली. ‘द रायगड’, ‘द राजगड’ असे मी बहुतेक ठिकाणी लिहिले होते आणि विशेषनामापूर्वी ‘द’ नको हे बाईंनी सांगितले होते. म्हणून संगणकावर शोधा-आणि-बदला ही सोय वापरून चारही किल्ल्यांच्या नावांपूर्वीचा ‘द’ एका फटक्यात काढून टाकला. ११८ ठिकाणी बदल झाले. फाइल जतन केली, जुनी प्रत ठेवली नाही, आणि नंतर वाचायला बसले तेव्हा ‘द रायगड रोपवे’, ‘द सिंधुदुर्ग कोस्ट’, ‘द राजगड ट्रेल’, ‘द लोहगड गॅरिसन’ या सर्वांचा ‘द’ गेलेला होता. तेथे तो आवश्यक होता, कारण तो ‘द’ किल्ल्याच्या नावाचा नसून रोपवेचा, किनाऱ्याचा, वाटेचा आणि शिबंदीचा होता.

अशी २७ ठिकाणे हाताने शोधून दुरुस्त केली. त्यातून जे लिहून ठेवले ते असे : शब्दसमूहातील शेवटचा शब्द पाहावा. तो स्वतःच विशेषनाम असेल तर ‘द’ नको, आणि शेवटी सामान्यनाम असून किल्ल्याचे नाव त्याचे विशेषण झाले असेल तर बहुधा ‘द’ हवा. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की फोर्ट, लेक, आयलंड, स्टेशन, डिस्ट्रिक्ट हे शब्द नावाला इतके चिकटतात की त्यांच्यासह तयार झालेले नावही ‘द’ घेत नाही. ‘रायगड फोर्ट’, ‘मळवली स्टेशन’, ‘रायगड डिस्ट्रिक्ट’ हे ‘द’शिवायच लिहितात. तरी ‘द फोर्ट ऑफ रायगड’ म्हटले की ‘द’ परत येतो, कारण तेथे मुख्य शब्द ‘फोर्ट’ असतो आणि कोणता फोर्ट हे ‘ऑफ’ने ठरते. ‘द बॅटल ऑफ प्रतापगड’ हेही त्याच जातीचे.

मालकी दाखवणाऱ्या शब्दानंतरच्या नामाला वेगळे उपपद लागत नाही, हेही येथेच ध्यानात आले. ‘द हिरकणीज बॅस्टियन’ चूक आहे, ‘हिरकणीज बॅस्टियन’ बरोबर आहे, आणि ‘द हिरकणी बॅस्टियन’ हेही बरोबर आहे. पुस्तिकेत मी तिन्ही रूपे वापरली होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

आजचा दिवस सर्वांत उपयोगी ठरला, म्हणून सविस्तर लिहिते.

बाई म्हणाल्या, “इंग्रजी वाक्य बाजूला ठेवा आणि तुमचे मूळ मराठी वाक्य मोठ्याने वाचा.” मराठीत लिहिले होते : ‘गडावर मंदिर आहे.’ पुढच्या परिच्छेदात होते : ‘मंदिर गडाच्या पूर्वेला आहे.’ पहिल्या वाक्यात मंदिराची बातमी नव्याने दिली जाते, दुसऱ्यात वाचकाला माहीत झालेल्या मंदिराबद्दल काही सांगितले जाते. शब्द तेच, फक्त जागा बदललेली. इंग्रजीत पहिले ‘देअर इज अ टेम्पल’ आणि दुसरे ‘द टेम्पल इज ऑन द ईस्टर्न साइड’ असे होते. ‘टाक्यात पाणी आहे’ आणि ‘पाणी टाक्यात आहे’ यांतला फरक घरातील लहान मुलालाही कळतो.

माणसांच्या बाबतीत मराठी आणखी एक खूण देते. ‘पायथ्याच्या गावात वाटाड्या शोधा’ म्हणजे कोणीही वाटाड्या चालेल, ‘वाटाड्याला शोधा’ म्हणजे एक ठरलेला माणूस आहे आणि तो सापडत नाही. इंग्रजीत पहिले ‘लुक फॉर अ गाइड’ आणि दुसरे ‘लुक फॉर द गाइड’. भाषांतर करताना मी दोन्ही ठिकाणी ‘द’ घातला होता. मराठीला उपपद नाही हे खरे, परंतु निश्चित आणि अनिश्चित हा भेद मराठी शब्दक्रमाने, ‘ला’ने, ‘एक’, ‘तो’, ‘हा’ या शब्दांनी सतत दाखवत असते. इंग्रजी लिहायला बसताच मी तो भेद विसरत होते, ही माझी खरी अडचण होती.

संध्याकाळी सिंधुदुर्गाच्या पानांवर ही रीत वापरली. ‘किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. विहिरी उन्हाळ्यातही आटत नाहीत.’ पहिल्या वाक्यात विहिरी शेवटी येतात, दुसऱ्यात आरंभी, म्हणून अनुक्रमे ‘थ्री वेल्स’ आणि ‘द वेल्स’. नऊ पानांत ४४ उपपदे या रीतीने ठरवली आणि बाईंच्या तपासणीत त्यांतील ३९ बरोबर निघाली.

उरलेल्या पाच चुका एकाच प्रकारच्या होत्या. ‘माकडे हातातील पिशव्या ओढतात’ या वाक्यात माकडे आरंभी आली म्हणून मी ‘द मंकीज’ लिहिले, परंतु तेथे कोणतीही ठरावीक माकडे अभिप्रेत नव्हती, एकूण माकडजातीची सवय सांगायची होती. अशा सर्वसाधारण विधानात इंग्रजी अनेकवचन उपपदाशिवाय ठेवते आणि नुसते ‘मंकीज’ लिहिते. शब्दक्रमाची कसोटी येथे फसते, म्हणून वाक्य जातीबद्दल आहे की समोरच्या वस्तूबद्दल, हे आधी विचारावे लागते.

१८ ऑगस्ट, सोमवार

‘अ’ आणि ‘ॲन’चे काम अर्ध्या दिवसात संपले. हा निर्णय अक्षरावर नसून उच्चारावर असतो हे सर्वांना माहीत असते, पण लिहिताना डोळा रोमन अक्षराकडे जातो. उपाय सोपा निघाला : पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहावा. तो स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने सुरू झाला तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एसटी, एमटीडीसी हे शब्द स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन एसटी बस’. युनेस्को, युरोपियन, वन-डे हे य किंवा व यांनी सुरू होतात, म्हणून ‘अ युनेस्को साइट’, ‘अ वन-डे ट्रेक’. आकड्यांनाही हेच लागू होते. १७ हा ‘सेव्हन्टीन’ म्हणून ‘अ’, १८ हा ‘एटीन’ म्हणून ‘ॲन’. पुस्तिकेत सतराव्या आणि अठराव्या शतकांचे उल्लेख पानोपानी असल्यामुळे एकट्या या कसोटीने १६ चुका गेल्या.

एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे काही जण ‘एक’चा उच्चार ‘येक’ आणि ‘एम’चा ‘येम’ करतात. त्या सवयीने देवनागरीत लिहिले तर कसोटी उलटी पडते, म्हणून शब्द प्रमाण उच्चाराप्रमाणे लिहावा.

२५ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर

गणपतीमुळे काम बंद होते.

९ सप्टेंबर, मंगळवार

भूगोलाची नावे वेगळ्या तक्त्यात घेतली. नद्या, समुद्र आणि डोंगररांगा ‘द’ घेतात. एकेकटी शिखरे, तलाव, बेटे आणि गावे घेत नाहीत. हे पाठ असूनही चूक होते, कारण आपल्याकडे नदी, गाव, धरण आणि खोरे यांची नावे एकमेकांना लागून असतात. राजगडाच्या पायथ्याचे गाव ‘गुंजवणे’ उपपदाशिवाय, आणि नदी मात्र ‘द गुंजवणी’. लोहगडावरून दिसणारा जलाशय ‘पवना लेक’, नदी ‘द पवना’, खोरे ‘द पवना व्हॅली’. एकाच परिच्छेदात ही तिन्ही आली होती आणि मी तिन्हींना ‘द’ लावला होता. ‘घाट’ या शब्दाने अशीच गोची केली : अख्खी पर्वतरांग ‘द वेस्टर्न घाट्स’, पण वाहतुकीचा ‘बोर घाट’ किंवा ‘वरंधा घाट’ उपपदाशिवाय.

सह्याद्रीसाठी मी ‘सह्याद्री’, ‘द सह्याद्री’ आणि ‘द सह्याद्रीज’ ही तीन रूपे मनाला येईल तशी लिहिली होती. आता सर्वत्र ‘द सह्याद्री रेंज’ ठरवले. कोकणाला इंग्रजीत ‘द’ लावूनही लिहितात आणि न लावताही. दोन्ही चालत असतील तेव्हा एक निवडून शेवटपर्यंत पाळावे, म्हणून ‘द कोकण’ आणि ‘द डेक्कन’ घेतले. विदर्भ, खानदेश, मराठवाडा यांना मात्र कधीच नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

लोहगडाच्या वाटेचे पान मळवली स्टेशनवर भेटलेल्या, मराठी न येणाऱ्या दोन तरुणांना वाचायला दिले आणि त्यांच्याबरोबर चालले. हा प्रयोग महिनाभर आधी करायला हवा होता.

पानावर होते, ‘टर्न लेफ्ट ॲट द टँक’. ते दोघे थांबले आणि त्यांनी विचारले, “कोणते टाके?” त्या टाक्याचा उल्लेख आधी कोठेही नव्हता. मी त्या वाटेने इतक्या वेळा गेले आहे की ते टाके, ते वडाचे झाड, तो कातळ हे सर्व माझ्यासाठी ‘द’ आहेत. वाचकासाठी त्यांतील एकही नाही. १३ ऑगस्टच्या शब्दक्रमाच्या कसोटीनेही ही चूक पकडली नव्हती, कारण मूळ मराठीतच मी ‘टाक्यापाशी डावीकडे वळा’ असे लिहिले होते, म्हणजे दोष मराठी मजकुरातच होता. उपपद लिहिणाऱ्याच्या माहितीवर ठरवून चालत नाही, वाचकाला त्या क्षणी काय माहीत आहे त्यावर ते ठरते. वाचक “कोणते?” असे विचारू शकत असेल तर तेथे ‘द’ नको, किंवा त्याआधी एक ओळ वाढवायला हवी.

ओळ वाढवली : ‘यू विल सी अ रॉक-कट टँक. टर्न लेफ्ट ॲट द टँक.’ चारही किल्ल्यांच्या वाटांमध्ये अशी ३१ ठिकाणे सापडली आणि त्यामुळे पुस्तिका दीड पानाने वाढली. मराठी आवृत्तीच्या पुढच्या छपाईतही या दुरुस्त्या कराव्यात असे मंडळाला कळवले आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

मोजता न येणारी नामे आज तपासली. ‘ॲन इन्फर्मेशन’, ‘ॲन ॲडव्हाइस’, ‘अ लगेज’ अशा सात चुका होत्या. मराठीत ‘एक सल्ला’ चालतो, म्हणून हात आपोआप तसा वळतो. इंग्रजीत नुसते ‘ॲडव्हाइस’ किंवा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ लिहावे. ‘स्टोन’ मात्र दोन्हीकडे जातो. तट ‘स्टोन’चा बांधलेला असतो, वाटेत पडलेला तो ‘अ स्टोन’.

प्रवासाच्या माध्यमाला उपपद नसते. ‘बाय बोट’, ‘बाय बस’, ‘ऑन फूट’. ‘बाय द बोट’ मी चार ठिकाणी काढले. ‘ॲट सी’ म्हणजे सागरप्रवासात, आणि ‘बाय द सी’ म्हणजे किनाऱ्यालगत. सिंधुदुर्गाच्या पानांवर या दोहोंची अदलाबदल झाली होती आणि आरमाराच्या वाक्यात मराठे समुद्रावर नसून किनाऱ्यावर बसलेले दिसत होते.

रायगडाच्या पानांवरील दोन वाक्यांवर मी बराच वेळ दिला. पहिले राज्याभिषेकाचे. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, या वाक्याचे मी ‘वॉज क्राउन्ड अ किंग’ असे केले होते. त्यातील ‘अ’मुळे महाराज अनेक राजांपैकी कोणी एक ठरतात. क्राउन, अपॉइंट, इलेक्ट अशा क्रियापदांनंतर एकाच व्यक्तीकडे असणारे पद येते तेव्हा इंग्रजी उपपद गाळते. म्हणून ‘वॉज क्राउन्ड किंग’. पंचवीस छापील प्रतींत हीच चूक सर्वांत ठळक पानावर आहे आणि मला तिचेच सर्वाधिक वाईट वाटते. त्याच ओळीत ‘ऑन द ६ जून’ असेही होते. बोलताना ‘द सिक्स्थ ऑफ जून’ म्हणतात, पण आकड्यात लिहिताना ‘द’ येत नाही.

दुसरे वाक्य जगदीश्वराच्या पायरीवरील शिलालेखाचे : ‘सेवेचे ठायी तत्पर’. माझ्या मसुद्यात ‘एव्हर रेडी इन द सर्व्हिस’ होते आणि बाईंनी तेथे नुसते प्रश्नचिन्ह काढले होते. ‘इन द सर्व्हिस’ म्हटले की वाचक पुढे ‘ऑफ’ येण्याची, म्हणजे कोणाच्या सेवेत हे कळण्याची वाट पाहतो किंवा एखादे सरकारी खाते समजतो. मूळ लेखात तर सेवा हाच भाव आहे, तिला धनी जोडलेला नाही. ‘द’ काढून ‘एव्हर रेडी इन सर्व्हिस’ ठेवले. एका शब्दासाठी पाऊण तास गेला आणि तो योग्य कामी लागला असे मला वाटते.

४ ऑक्टोबर, शनिवार

चित्रांखालील मजकुरात काही ठिकाणी उपपदे होती, काही ठिकाणी नव्हती. मथळ्यात आणि चित्रओळीत ती गाळण्याची रीत आहे, पूर्ण वाक्यात नाही. ‘व्ह्यू फ्रॉम टकमक टोक’ ठेवले, आणि जेथे क्रियापद आहे तेथे सर्व उपपदे परत घातली.

शेवटचे वाचन केवळ उपपदांसाठी केले. इतर काही सुधारायचे नाही असे ठरवून प्रत्येक नामावर बोट ठेवले आणि “कोणते?” हा एकच प्रश्न विचारला. ताशी सहा पाने होतात, त्याहून वेगाने गेले की चुका सुटतात. पहिल्या वाचनात २२ आणि दुसऱ्या वाचनात ५ चुका मिळाल्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

प्रत छपाईला दिली. उपपदांवर माझे एकूण ५२ तास गेले. त्यांतले नऊ तास शोधा-आणि-बदलाच्या चुकीचे आणि सात तास शाळेतील नियमाच्या प्रयोगाचे, म्हणजे सोळा तास वाचू शकले असते. फुकट गेलेल्या प्रतींचे ४,२५० रुपये आणि लोहगडाच्या प्रयोगाचे प्रवासासह ६८० रुपये, असा जादा खर्च झाला. बाईंनी मानधन घेतले नाही.

पृष्ठ ४३ वरील एका वाक्याबद्दल आमचा दोघींचा मतभेद राहिला आहे. लोहगडाच्या विंचूकाटा या सोंडेचे वर्णन करताना मी ‘अ लाँग स्पर’ लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे की लोहगडाला अशी सोंड एकच आहे आणि नकाशा समोरच्याच पानावर आहे, म्हणून ‘द लाँग स्पर’ हवे. वाचक नकाशा आधी पाहील की मजकूर आधी वाचेल, यावर ते अवलंबून आहे. मी ‘अ’ ठेवला आहे.

मंडळाने आता साल्हेरचा मजकूर दिला आहे. त्याचे भाषांतर सुरू करण्यापूर्वी मूळ मराठी प्रतीतच प्रत्येक नव्या खुणेपूर्वी पेन्सिलीने ‘एक’ लिहून घेत आहे. आज बारा पाने झाली.